धावून झाल्यावरचा नमस्कार

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पची आमची जपानी शेजारीण दहा-बारा वर्षं जपानमधल्या एका कंपनीच्या संघातून लांब पल्ल्याच्या शर्यती धावली. शेवटच्या शर्यतीत गुडघा गेला आणि ती अर्ध्यावर थांबली. आता दर रविवारी ती मला कालव्याकाठी पळवते, मी कुरकुरत पळतो. पळून झालं की ती मागे वळून रिकाम्या रस्त्याला कमरेत वाकून नमस्कार करते. शेवटच्या शर्यतीतही केला होता म्हणे.

मी सांगितलं, आम्ही मैदानात उतरण्याआधीच जमिनीच्या पाया पडतो.

"आधी का? तेव्हा जमिनीने काय दिलेलं असतं?"

आधी मी नेहमी काहीतरी मागतच आलो होतो.

हल्ली पळून झाल्यावर मीही वळतो आणि वाकतो. सायकलवाले बघतात. बघू देत.