सूर्याचा रोजचा फोटो

सुनेनं नूडल्ससाठी व्हिनेगरची बाटली उघडली आणि मला फोटो धुण्याच्या डार्करूमचा वास आला. त्या वासामागून आठवला डोणगावचा एसटी थांबा. महाराष्ट्र नुकताच झाला होता. दूर दक्षिणेत, डोंगरावरच्या राष्ट्रीय खगोल संस्थेत मला नोकरी लागली होती आणि बा, म्हणजे माझे वडील, मला गाडीत बसवून द्यायला आले होते.

“तठी काय करशीन?” त्यांनी विचारलं.

“कोनी तारे पाह्यते, कोनी दुर्बिणीच्या काचा घासते. माह्याकडं सूर्य हाये. रोज सकाळी त्याचा फोटो काढा लागते. खाडा चालत नाही.”

“मंग पोळ्यालेबी नाही येशीन?”

मी मान हलवून नाही म्हटलं. बांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं.

“बरं. सकाळी मीबी तिकडंच पाहीन. तुले दिसलो तं दिसलो.”

मला हसू आलं. पुढं आई सांगायची, ते रोज सकाळी टोपी नीट करून अंगणात उभे राहायचे.

हल्ली सकाळी मी गॅलरीत उभा राहतो, केस सारखे करून. फोटो तिथं अजूनही रोज निघत असेल. कॅमेऱ्यामागं मात्र आपलं कोणी नाही.