मी बदललेला पासवर्ड

माझ्या मित्राच्या मुलीला मी सांगितलं होतं की तुझ्या वडिलांनी मागं काहीच लिहून ठेवलेलं नाही. ते खोटं होतं. त्यानं लिहिलं होतं आणि ते माझ्या हातानं गेलं. गेल्या वर्षी नांदेडला जाऊन मी तिला खरं काय ते सांगितलं. पण लातुरातली आमची जुनी मंडळी अजून माझं पहिलं सांगणंच धरून बसली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

लातुरात आम्ही दोघं मिळून क्लास चालवत होतो. मी भौतिकशास्त्र शिकवायचो, तो गणित. भूकंप झाला तेव्हा तो नोकरीसाठी लातुरात खोली करून राहत होता आणि दोन वर्षांची मुलगी लोह्याला मावशीकडे होती. गावात त्याची बायको एकटीच होती. घर पडलं त्यात ती गेली. घरातलं काही हाती लागलं नाही, एक फोटोसुद्धा नाही. मुलीला आई आठवत नव्हती आणि बापाला तिच्याविषयी बोलता येत नव्हतं. मुलीनं काही विचारलं की तो चप्पल घालून बाहेर पडायचा.

पुढं क्लास वाढले. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फलक लागले आणि क्लासवाले एकमेकांचे शिक्षक पळवू लागले. आमची एक सराव प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच बाहेर फुटली, तेव्हा मी कुलूपबंद मेल घेतला. पाठवणारा आणि ज्याला पाठवला तो, यांच्याशिवाय तो कुणालाच वाचता येत नाही, कंपनीलाही नाही.

त्याचे तीन दर होते. फुकटच्यात जागा अगदी थोडी. मधल्यात जागा भरपूर, पण ज्याची किल्ली त्यानंच सांभाळायची. वरचा दर संस्थांसाठी होता. त्यात कुणाचा पासवर्ड गेला तर संस्थेच्या किल्लीनं त्याचा जुना मेल उघडता यायचा. पहिल्या वर्षी आम्ही वरचा घेतला. दुसऱ्या वर्षी मी मधल्यावर आलो. कोण पासवर्ड विसरतंय, असं म्हणालो. वाचले ते पैसे फलकांना लागले.

मित्राला ते कुलूप फार आवडलं. एके दुपारी चहा पिताना म्हणाला, "सर, पेपर काढायलोय, अन् मधेमधे पोरीसाठी तिच्या आईचं लिहायलोय. तोंडानं जमत न्हाई. हितं बरं हाय, कुणी वाचत न्हाई."

"मलाही नाही दाखवणार?"

"तुम्हाला एवढंसं. हसायचं न्हाई."

त्यानं थोडं वाचून दाखवलं. मी हसलो नाही. तोच मधेच थांबला आणि म्हणाला, "बास. आता गणित."

आमच्या क्लासचा एक नियम होता. एकदा संगणक अपडेट केल्यावर प्रश्नपत्रिकेतलं सगळं मराठी चौकोन चौकोन होऊन छापून आलं होतं, आणि शेकडो पोरं चौकोनांकडं बघत बसली होती. तेव्हापासून दिवाळी ते प्रवेश परीक्षा एकाही संगणकाला हात लावायचा नाही असं ठरलं. अपडेटची सूचना आली की 'नंतर' दाबायचं. हे काम आणि मेलची सगळी खाती माझ्याकडं होती.

त्या वर्षी मेलच्या कंपनीकडून सूचना आली. नवी आवृत्ती घ्या, तीत प्रत्येकाला परतीचे काही शब्द मिळतील, ते जपून ठेवा. त्याआधी पासवर्ड बदलला तर जुना मजकूर कायमचा बंद होईल. मी ती पूर्ण वाचली आणि 'नंतर' दाबलं.

परीक्षा महिन्यावर आली असताना मित्र नांदेडला निघून गेला. "घरचं काम हाय," एवढंच बोलला. त्याच सुमारास नांदेडला एक नवा क्लास निघाला होता आणि लातूरचे शिक्षक मोठ्या पगारावर तिकडं जात होते. कुणीतरी माझ्या कानाला लागलं, "तुमचे गणितवाले तिकडंच दिसले म्हणे." मी त्याला फोन करून विचारायला हवं होतं. तसं न करता मी त्याचा पासवर्ड बदलला. शिक्षक गेला की आम्ही तेच करायचो, खोलीचं कुलूप बदलावं तसं.

त्याचं लिखाण त्यात आहे हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. लक्षात आलं होतं. मनात म्हणालो, जाणाराच आहे, तर जाऊ दे.

तो इलाजासाठी गेला होता, हे मला चार दिवसांनी कळलं. पोटात गाठ निघाली होती आणि ऐन परीक्षेत आम्हाला घोर नको म्हणून बोलला नव्हता. आठवड्यानं त्याचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"सर, मेल उघडंना. जुनं हाय ना सगळं?"

"सर्व्हर बंद आहे," मी म्हणालो. "परीक्षा होऊ द्या, बघतो."

"बघा बरं का. शेवटचं थोडंच राह्यलंय."

तोवर मी नाना खटपटी करून पाहिल्या होत्या. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं. जुना मजकूर उघडणं आम्हालाही शक्य नाही. परीक्षा झाली त्या आठवड्यात तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी लातूरला आली. "काका, बाबा म्हणत होते, मेलमध्ये आईचं लिहिलंय. उघडून देता?"

मी तिला म्हणालो, "तो मेल पेपरापुरता होता, बाळ. त्यात दुसरं काही नव्हतं. दुखण्यात माणूस काहीबाही बोलतो." ती मान हलवून गेली. इतकी वर्षं तिला वाटत राहिलं की बाप शेवटी शेवटी भ्रमात होता आणि आईविषयी एक ओळही लिहिणं त्याला जमलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या घरी बसून मी हे सगळं असंच सांगितलं. ती रडली नाही. टीपॉयवरचा कप तिनं बाजूला सारला.

"तुम्हाला वाचून दाखवलं होतं ना त्यांनी?"

"थोडंसं."

"आठवतंय तेवढंच सांगा, काका. जोडू नका काही."

मी सांगितलं. तिची आई एखादं काम विसरू नये म्हणून सकाळी पदराला गाठ मारायची. संध्याकाळपर्यंत गाठ कशाची तेच विसरायची आणि गाठ हातात धरून घरभर विचारत फिरायची, "ही कशाची हो?" एकदा हिला कडेवर घेऊन गोठ्यातल्या म्हशीलाही विचारलं होतं.

मुलगी जराशी हसली. पहिल्यांदाच.

"मग आठवायचं का तिला?"

मला ते माहीत नव्हतं. तो तिथंच थांबला होता. पुढचं मेलमध्ये होतं.