ब्लास नावाचं औषध

"बुधवार, १७ जुलै २०२४. पोन्से. समुद्रापलीकडून सहाराची धूळ आली आहे, समोरचा डोंगर दिसत नाही. वीज सकाळी गेली ती जेवणाआधी आली. दुपारी नाशालीच्या नाकाचा निकाल आणायला जायचं. ब्लास अजून गुमेरकडेच."

एवढं लिहून दोन्या हासिंतांनी, म्हणजे हासिंताबाईंनी, वही मिटली. घडलेलं लिहायचं, वाटलेलं लिहायचं नाही, ही कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय. सिस्टरांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती: चांगल्या घरच्या मुली "मला हवं" असं म्हणत नाहीत. ती विद्या तर दोन्या हासिंतांनी पार कोळून प्यायली होती. घरात झुलती खुर्ची आली ती पाहुण्यांसाठी. पाहुणे यायचे तेव्हा खुर्चीत त्याच बसलेल्या असायच्या. रेडिओ आला तो नवऱ्याला बेसबॉल ऐकता यावं म्हणून. दुपारच्या मालिका त्यावर लागायच्या हा योगायोग. नवरा रोसेंदो हसून म्हणायचा, "माझ्या गरजा काय आहेत ते मला हिच्याकडून कळतं."

कुत्रा मात्र रोसेंदोला बिलकूल चालत नसे. म्हणून दोन्या हासिंतांनी तो विषय कधी काढला नव्हता. मग लेक नोकरीसाठी फ्लोरिडाला गेली आणि चार वर्षांची नात नाशाली आजी-आजोबांकडे राहायला आली. कपड्यांची पेटी घेऊन आली तशी छातीतली शिट्टीही घेऊन आली. आता, पोन्से शहरात कुणालाही विचारा: घरात चिवावा जातीचं कुत्रं असलं की ते पोराचा दमा स्वतःकडे ओढून घेतं. दोन्या हासिंतांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "काय करणार, पोरीसाठी करायला हवं." औषधाला रोसेंदोही नाही कसं म्हणणार?

कुत्रा आला. एवढासा, रताळ्यासारखा, डोळे बटणांसारखे बाहेर. घशाची दुखणी सांभाळणाऱ्या संतावरून नाव ठेवलं ब्लास. महिनाभरात ब्लास घुरघुरायला, शिंकायला लागला. "बघा, ओढतोय," शेजारणी म्हणाल्या. नाशालीचा दमा होता तिथेच होता. "तो नसता तर केवढा वाढला असता," असंही त्याच म्हणाल्या.

पुढे काही वर्षांनी रोसेंदो गेला. पलंगाची एक बाजू रिकामी झाली, तिथे ब्लास झोपू लागला. "रात्री पोरगी खोकली तर त्याला आधी ऐकू येतं," दोन्या हासिंता सांगत. नाशालीची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला होती.

या वर्षी ईस्टरनंतर नाशालीला असा जोराचा झटका आला की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: पडदे काढा, गालिचा काढा, कुत्रा तर पहिला काढा. पडदे आणि गालिचा माळ्यावर गेले. ब्लास समोरच्या गुमेरकडे गेला. गुमेर म्हणजे रोसेंदोचा डॉमिनोच्या खेळातला भिडू, जिभेला हाड नसलेला माणूस. जाताना ब्लासने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन्या हासिंतांनी त्या दिवशी वहीत लिहिलं: "पडदे धुऊन ठेवले."

पोरीची शिट्टी काही थांबली नाही. मग कुणीतरी डॉक्टर लेब्रोनचं नाव सांगितलं. ही तरुण बाई मुलांच्या दम्यावर संशोधन करत होती. तिने कापूस लावलेली बारीक काडी काढली.

"नाकात फिरवायची, बस. दमा एका जातीचा नसतो, आजी. एक ऍलर्जीतून येतो, एक वेगळ्याच सुजेतून, आणि एकात यातलं काहीच सापडत नाही. छातीत कुठला आहे ते नाकातल्या पेशी सांगतात."

"छातीची चहाडी नाकाने करायची?" दोन्या हासिंता म्हणाल्या.

"नाक पहिल्यापासून चोंबडंच असतं, आजी," नाशाली म्हणाली. मग काडी आत गेली आणि तिचे डोळे पाणावले. "ही मेंदूला लागली. आता गणितात नापास झाले तर डॉक्टरांना सांग."

"काडीच्या आधी कशात पास होत होतीस?" म्हणत दोन्या हासिंतांनी हातातली पिशवी मांडीवर घेतली. गुमेरकडून तेवढ्यापुरता मागून आणलेल्या ब्लासचं डोकं पिशवीतून वर आलं. "डॉक्टर, एक काडी याच्याही नाकात घाला. पोरीचा दमा याने किती ओढलाय ते एकदा कळू दे."

डॉक्टर लेब्रोनने ओठ चावले. "याला बाहेर न्या, आजी. मी काही पाहिलं नाही."

त्या काडीचा निकाल आज होता. दुपारी दोघी धुळीतून तोंडाला रुमाल बांधून गेल्या. डॉक्टर म्हणाली, "नाशालीचा दमा ऍलर्जीच्या जातीचा नाही, दुसऱ्या सुजेचा आहे. रक्त तपासलं त्यातही कुत्र्याच्या ऍलर्जीचं नाव नाही. श्वासाचा पंप बंद करायचा नाही हं. पण पुढचं औषध शोधताना आता मी अंधारात चाचपडणार नाही."

"म्हणजे ब्लास सुटला," नाशाली म्हणाली.

"निर्दोष सुटला. आणि आजी, तो दमा ओढतही नाही. दम्याशी त्याचा काही संबंध नाही, ना बरा ना वाईट."

दोन्या हासिंता तडक गुमेरच्या घराकडे निघाल्या.

गुमेर ओट्यावर बसला होता, ब्लास त्याच्या मांडीवर. नाशालीने निकाल सांगितला. गुमेरने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "औषध म्हणून आणला होता, औषध निघाला नाही. तुमच्या घरी आता याचं काय काम, दोन्या? इथेच राहू दे. डॉमिनो शिकलाय. समोरच्याने लबाडी केली की भुंकतो."

"मग दिवसभर तुझ्यावरच भुंकत असेल."

"म्हणून तर सवय झालीय. खरंच सांगतो, ठेवून घेतो मी याला."

दोन्या हासिंता कारण शोधू लागल्या. चोरांसाठी म्हणावं, तर ब्लास पोस्टमनला बघून पलंगाखाली जायचा. पोरीच्या करमणुकीसाठी म्हणावं, तर पोरीला आता फोन होता. उंदरांसाठी म्हणावं, तर एका उंदराने ब्लासला पळवून लावलेलं अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं. रोसेंदोच्या नावावर खपवावं, तर रोसेंदो नव्हता.

"आजी," नाशाली हळूच म्हणाली, "माझं नाव सांगू नकोस हं. निकालानंतर मी आता मोकळी आहे."

गुमेर ब्लासचे कान खाजवत बसला. त्याला घाई नव्हती.

"मला हवाय," दोन्या हासिंता म्हणाल्या.

आवाज इतका बारीक निघाला की गुमेरने कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

"बहिरा नाहीस तू. मला हवाय तो. मला. रात्री पाय गार पडतात माझे."

गुमेरने कुत्रा उचलून त्यांच्या हातात दिला. "रोसेंदो ऐकायला हवा होता," तो म्हणाला. त्याची मांडी रिकामी झाली होती. ते दोन्या हासिंतांच्या लक्षात आलं.

"रविवारी डॉमिनोला घेऊन येईन याला," त्या म्हणाल्या. "लबाडी कमी कर."

रात्री नाशालीने पंप घेतला आणि ती झोपायला गेली. दोन्या हासिंतांनी दुपारच्या ओळींखाली लिहिलं: "ब्लासची चादर सापडली नाही. त्याला माझी घडीची पांढरी दिली."