दुखत नाही, मॅडम

१९९८ साली आमची पलटण बंगळूरला होती. पीस स्टेशन, म्हणजे सीमेपासून लांबचं ठाणं. मी हवालदार, ब्राव्हो कंपनीत दोन नंबर सेक्शनचा कमांडर, हाताखाली नऊ जवान. लोक म्हणतात, बंगळूर म्हणजे थंड हवा, मजा असेल. कसली मजा! सकाळी साडेपाचला पीटी, सातला परेड आणि दर शुक्रवारी देवनहळ्ळीच्या रस्त्यावर पाठीवर वीस किलो घेऊन सोळा किलोमीटर.

जानेवारीत डावी टाच धरली. सकाळी पाय जमिनीला टेकला की खिळा घुसल्यासारखी कळ मस्तकात जायची. थोडं चाललं की कमी व्हायची, संध्याकाळी पुन्हा हजर. मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणत्या तोंडानं? सिक रिपोर्ट करणाऱ्या जवानाला मीच सगळ्यांसमोर विचारायचो, "काय रे, सासुरवाडी आठवली का?" बुटात कापूस कोंबला आणि दोन महिने रेटले.

नायक दत्तू शेलार माझ्यानंतरचा सेक्शनमधला दुसरा माणूस. कोरेगावकडचा, बोलायला कंजूष. एका मार्चला माझ्या मागे चालत होता.

"हवालदार, डावा पाय वाचवताय."

"तू तुझ्या पायाखाली बघ."

त्यानं कंपनी कमांडरला सांगितलं. मेजरसाहेबांनी मला ऑफिसात उभं केलं.

"जाधव, जूनमध्ये पलटण काश्मीरला जाते. मेच्या शेवटी तुझा मेडिकल बोर्ड. पास झालास तर सेक्शन तुझं. नाहीतर शेलारचं."

"पास होणार, सर."

बाहेर आलो आणि शेलारला चुगलखोर म्हणालो. चार दिवस त्याच्याशी शब्द बोललो नाही.

मला हॉस्पिटलात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा हाडाला चिकटतो तिथं दुखावलाय. परदेशातून नवीन मशीन आलंय. मुतखडा फोडतात त्याच जातीचं, पण पायासाठी. बाहेरूनच ठोके मारायचे, सुई नाही, कापाकापी नाही. जुन्या दुखण्याकडे शरीरानं लक्ष देणं सोडलेलं असतं, या ठोक्यांनी तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि भरून यायला लागतं. आठ-आठ दिवसांनी तीन वेळा. मग आराम, पोटरीचे व्यायाम. फरक पडायला सहा ते आठ आठवडे.

मी मनात म्हटलं, माझ्या टाचेत काय मुतखडा झालाय? चालू द्या यांचं.

एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळी नऊ. मशीनवर जयश्रीबाई होत्या. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरला राहिलेलं मराठी घराणं, बोलण्यात निम्मं कन्नड. टाचेला जेली चोपडली, मशीनचं तोंड टेकवलं. टक टक टक सुरू.

"अण्णा, इथं दुखतंय?"

"दुखत नाही, मॅडम."

"इथं? स्वल्प तरी?"

"नाही, मॅडम."

जीव जात होता. पण मला वाटलं, ही परीक्षा आहे. हो म्हटलं की फाइलवर चढणार आणि बोर्डासमोर जाणार. आमच्याकडे दुखतं म्हणायची रीत नव्हती. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला बाईंनी खटकन मशीन बंद केलं.

"अण्णा, कपाळावर घाम फुटलाय, चादर मुठीत धरलीय आणि दुखत नाही म्हणताय? सगळ्यात जास्त दुखतं तिथंच ठोका बसायला पाहिजे. ती जागा तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळायची कशी? दोन खेपा मी धडधाकट मांसावर ठोके मारत बसले की!"

मी भडकलो. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. दोन्ही वेळा. तुम्ही 'यस मॅडम' म्हणालात."

सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. मी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी जागा दाखवली. पहिल्याच ठोक्याला "आई गं!" म्हणून ओरडलो.

"सरी, ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आता खरी सुरुवात."

डॉक्टरांनी हीच खेप पहिली धरून पुन्हा तीन लावल्या. मी मनात आठवडे मोजले. बोर्डाच्या पुढे जात होते.

बोर्डात टाच दाबली, पाय आपोआप मागे आला. सहा महिने लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे काश्मीर बंद. मी बाईंना शिव्या दिल्या, डॉक्टरांना दिल्या. स्वतःला सोडून सगळ्यांना.

जूनच्या सुरुवातीला पलटण निघाली त्या दिवशी स्टेशनवर शेलार माझ्याकडे आला.

"हवालदार, लवकर या. सेक्शन तुमचंच आहे."

"जा. तुला हवं होतं तेच झालं," मी म्हणालो.

तो वळला आणि डब्यात चढला.

जूनच्या मध्यावर एका सकाळी उठून नळापर्यंत गेलो आणि मग लक्षात आलं की कळ आलीच नाही. मशीननं काम केलं होतं. पंधरा दिवस आधी, बोर्डाच्या वेळेपर्यंत केलं असतं, जर मी तोंड उघडलं असतं.

ऑगस्टमध्ये मागे राहिलेल्या तुकडीच्या ऑफिसात सकाळी अकराला सिग्नल आला. क्लार्कनं वाचला. दोन नंबर सेक्शन, गस्तीवर असताना गोळीबार. सेक्शन कमांडर नायक शेलार शहीद. बाकी सगळे सुखरूप. मी म्हणालो, "परत वाच." त्यानं परत वाचला.

रजा घेऊन त्याच्या गावी गेलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. मी नाव सांगितलं, सेक्शन माझं होतं हेही सांगितलं.

"मग तुम्ही कुठं होता?"

"बंगळूरला. पाय दुखत होता."

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. "आता बरा हाय का?"

"बरा आहे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. मला वाटलं, हिनं मला ओट्यावरून हाकलायला हवं होतं.

नायक दत्तू शेलार, वय सत्तावीस. आठ जवान जिवंत परत आणले. माझ्या तोंडून शेवटचं काय ऐकून तो गाडीत चढला, ते त्याच्या आईला सांगायची माझी छाती झाली नाही.