चौकीचा अर्ज आणि माझा हंडा

गावात अर्ज लिहायचा झाला की माणसं आमच्या ओटीवर येत. दहावी झालेली सून मी एकटीच, आणि अक्षर टपोरं. रेशनकार्डात नाव चढवायचं असो की विजेचा खांब मागायचा असो, कागद माझ्यापुढे आणि वर फर्माईश, "वयनी, जरा कडक लिवा." कडक लिहायला मला सांगावं लागत नसे. माझ्या जिभेला सासरेसुद्धा बिचकून असत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका वर्षी अर्ज पोलिसासाठी होता. शेणवे गावाच्या पलीकडे आमचं खेडं. चौकी होती, पाटी होती, दाराला कुलूपही होतं. पोलीस तेवढा नव्हता. एक हवालदार बाजाराच्या दिवशी येई. त्याच्या गळ्यात इतकी गावं बांधलेली की बिचारा आमच्या सरपंचाशी भलत्याच गावाचा सरपंच समजून बोलायचा. एरवी चौकीच्या ओट्यावर शेरडं रवंथ करत बसत. चोऱ्या मात्र सपाटून चाललेल्या. नदीवरची पाण्याची मोटर गेली, कोंबड्या गेल्या, माझा माहेरचा तांब्याचा हंडा भर दुपारी अंगणातून गेला.

चोर सापडत नव्हता, पण संशय घ्यायला माणूस ठरलेला होता. गावाच्या कडेला वाडीत राहायचा. स्वतःची जमीन नाही. पावसात आमच्याकडे आवणीला, म्हणजे भात लावायला, यायचा, भातकापणी आटोपली की बायकोला घेऊन वीटभट्टीवर जायचा. कुणाचं काहीही जावो, लोक आधी त्याची झोपडी उचकत. तिथे कधीच काही सापडलं नाही, तर म्हणत, लबाड आहे, बरोबर लपवतो. आता या अकलेपुढे काय बोलायचं?

अर्जावर सगळ्यात पहिला अंगठा त्यानेच उठवला. मी बघतच राहिले. शाई पुसत म्हणाला, "वयनी, यंदा पोलीस नाय आला तर मी भट्टीवरून परत येनार नाय. तिकडंच कुठं तरी पडून राहीन. पोलीस आला तर निदान लिवून तरी घेल, का याच्याकडं काय नाय गावलं म्हनून."

हसत बोलला, पण मला कळलं की हा खरंच जाईल. मी अर्ज इतका कडक लिहिला की अक्षरं कागदाच्या मागून उमटली.

आणि काय नवल, पोलिसांचे मोठे साहेब स्वतः यायचे ठरले. इथेच आमच्या गावाने माती खाल्ली. साहेब येणार म्हणजे पाहुणा येणार, आणि पाहुण्यापुढे घरातलं उणंदुणं काढायचं नाही, ही आमची रीत. झालं, शेरडं हाकलली, चौकीला चुना मारला, दाराला झेंडूचं तोरण बांधलं. चोरांच्या तावडीतून वाचलेल्या दोन गावठी कोंबड्या साहेबांसाठी कापल्या. त्यात सरपंचांच्या मुलीला बघायला पाहुणे त्याच दिवशी आलेले, तेही सभेत दुसऱ्या रांगेत येऊन बसले. आता व्याह्यांसमोर कोण सांगणार, की आमच्या गावात रोज चोरी होते?

तांदळाची भाकरी आणि रस्सा हाणून साहेब खुर्चीत टेकले. "हां, बोला. काय अडचण आहे?"

सरपंच हात जोडून म्हणाले, "तुमच्या कृपेनं सगळं बरं हाय."

मी कपाळाला हात लावला. साहेबांनी एकेकाला विचारलं. मोटरवाला म्हणाला, मोटर जुनीच होती. कोंबड्यावाली म्हणाली, मुंगसानं नेल्या असतील. साहेब अर्जाची घडी घालू लागले. "इतकं टापटीप गाव आहे तुमचं. माझ्याकडे माणसं कमी, ती जिथे खरी गरज आहे तिथे द्यायला नकोत का?"

तेव्हा मागून वाडीतला तो उठला. "सायेब, चोरी कुनाची व्हते मला ठावं नाय. झडती माझी व्हते. दर टायमाला."

साहेबांनी अर्ज पुन्हा उलगडला. "कोण घेतं झडती? नाव सांग."

त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यापाशी आली, थांबली आणि पुढे गेली. "आता नाव कशाला, सायेब. पोलीस द्या म्हंजे झालं."

वर मी म्हटलं, लोक त्याची झोपडी उचकत. ते लोक म्हणजे मीसुद्धा. हंडा गेला त्या दुपारी मी तणतणत वाडीत गेले होते, त्याच्या बायकोच्या गोधड्या ओढून काढल्या होत्या, तांदळाच्या डब्यात हात घातला होता. मी घामाघूम झालेली बघून तिने पाण्याचा लोटा पुढे केला. मी तो घेतला नाही.

सभेत मला बसवेना. उठले आणि म्हणाले, "मी घेतली झडती, साहेब. माझा हंडा गेला होता. त्याच्याकडे नव्हता." गावभर चालणारी माझी जीभ तेवढी तीन वाक्यं बोलताना अडखळली. मग मोटरवाला उठला, कोंबड्यावाली उठली. सरपंचांनी पाहुण्यांकडे एकदा केविलवाणं बघितलं आणि तेही उठले. साहेबांनी सगळं लिहून घेतलं.

पोलीस आला, एकच, पण रोजचा. शेरडांनी ओट्यावरचा हक्क सोडला नाही, तोही त्यांच्यातच खुर्ची टाकून बसू लागला. सरपंचांच्या मुलीचं लग्न त्याच पाहुण्यांकडे जमलं. वाडीतला मात्र भट्टीवर गेला होता, आणि तो परत येतो की नाही याचा मला घोर लागून राहिला होता.

पावसाच्या तोंडावर एका सकाळी तो अंगणात उभा. "वयनी, हंडा गावला का?"

"नाय रे."

"मंग येऊन बघा. झोपडी नवी शाकारलीय, आता लपवायला जागा बी हाय." आणि स्वतःच हसत सुटला.

मलाही हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. त्याच्या मागोमाग वाडीत गेले. त्याची बायको दारातच होती. मी खाली बसले आणि तिच्याकडे पाणी मागितलं.