बाटलेलं दूध

लेक आत रडत होती आणि मला पडवीत बसवलं होतं. बाळंत होऊन सव्वा महिनाही झाला नव्हता. छातीत दूध दाटून पोलकं भिजलेलं. दारात सासू उभी. हातात पावडरीच्या दुधाची बाटली.

"तू न्हाई पाजायचं. तुझ्या अंगात कुणाचं रगत हाय, कुणाला ठावं?"

सासर कामशेतजवळ. भाताची जमीन, गावात मान, घर माळकरी. लग्न होऊन आले तेव्हा मीही अंडं-मटण सोडलं, माळ घातली. माझ्या मनानं घातली. आजही गळ्यात आहे.

बाळंतपणात रक्त थांबेना. तळेगावच्या दवाखान्यात मी खाटेवर. डोळे मिटलेले, कान उघडे. सासरे डॉक्टरीणबाईंना विचारत होते, "माळकऱ्याचं रगत मिळंल का?"

"आबा, पिशवीवर फक्त गट लिहितात."

"मग नगं. धरम बुडवून जगून काय करायचं?"

जगायचं मला होतं. नवरा फरशीकडं बघत होता. माझी आई दुसऱ्याच्या शेतात भात लावणारी. माझ्या सासरच्यांसमोर तिचा आवाज कधी निघाला नव्हता. ती ओरडली, "चढवा बाई! लेक माझी हाय."

रक्त चढलं. मी वाचले.

घरी आले तर ताट वेगळं. देवघर बंद. चुलीला हात लावायचा नाही. सगळं पाळलं. अंगात त्राण नव्हतं, आणि भीतीही होती. मग सासऱ्यांनी त्यांच्या बुवाला विचारलं. बुवा म्हणाला, शुद्धी करा, तोवर पोरीला आईचं दूध नको. मला कुणी विचारलं नाही.

तो बुवा आता पडवीत खुर्चीवर चहा पीत होता. सासऱ्यांनी माझ्यापुढं गोमूत्राची वाटी सरकवली.

"घे. अन् समद्यांदेखत म्हन, चुकलं."

काय चुकलं? मेले नाही, हे?

आत लेकीचा आवाज बसत चालला होता. मी उठले. सासूला बाजूला सारून आत गेले, लेक उचलली, बाहेर येऊन त्यांच्यासमोरच बसले आणि तिला पदराखाली घेतलं. बुवानं तोंड फिरवलं. लेक ओढून ओढून पीत होती.

"आबा, माझं काय चुकलं न्हाई. ज्यानं रगत दिलं, त्याचं बी न्हाई."

"या घरात ऱ्हायचं आसंल तर..."

"ऱ्हानार. घर माझं बी हाय."

नवऱ्यानं तेव्हा माझी बाजू घेतली नाही. अजून घेत नाही. सासरे माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. न घेवोत. शुद्धी मी केली नाही, करणार नाही. उद्या त्यांनाच रक्त लागलं, तर सगळ्यांआधी मी बाही वर करीन. माझं रक्त घ्यायचं की मरायचं, ते त्यांनी ठरवावं.