बेटावरची भेसळ

असोद्याच्या सुकदेवभाऊंची नजर भेसळ हेरण्यात पटाईत. नशिराबादजवळच्या टिश्यूकल्चर केळीच्या नर्सरीत त्यांची उभी हयात यातच गेली. हजारो रोपांत एखादं बुटकं, पांढुरक्या पानाचं दिसलं रे दिसलं, की भाऊंनी ते उपटलंच. बागेत वेगळं झाड निघालं तर शेतकरी गावभर बोभाटा करतो, म्हणून मालकही त्यांना मानायचा.

त्याच नर्सरीच्या एका कोपऱ्यात कॉलेजातल्या कामिनीताईंनी संशोधनासाठी रोपं लावली. दूर समुद्रातल्या बेटांवरची झुडपं, मोठ्या खटपटीनं मिळालेलं आणि पुन्हा न मिळणारं बी. पाणी तेवढं द्या, असं सांगून त्या आठवडाभर पुण्याला गेल्या. भाऊंनी पाणी दिलं, पण हात कुठे गप्प बसतात? कुणाचं पान रुंद, कुणाचं बारीक. कुणी ताठ उभं, कुणी मातीत लोळलेलं. बाईंना दुकानदारानं चांगलंच फसवलंय, असं वाटून भाऊंना त्यांची कीव आली. त्यांनी वेगळी दिसणारी सगळी रोपं उपटून उकिरड्यावर टाकली. उरली ती एकसारखी, देखणी. ताई खूश होतील म्हणून भाऊ वाट बघत बसले.

ताई आल्या आणि रांगांतल्या रिकाम्या जागा मोजू लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की कधीकाळी थोडंसं बी बेटावर पोचलं. पुढच्या हजारो पिढ्यांत त्यातलं काही ओल्या डोंगरावर उंच झालं, काही कोरड्या किनाऱ्यावर पसरून तगलं. तो वेगळेपणा बियातच कुठून येतो, तेच त्या शोधत होत्या.

भाऊंचं डोकं चालेना. एका आईची लेकरं वेगळी, आणि तेच चांगलं? मग केळीचं काय? ती एकाच कंदाची नक्कल, म्हणून सारखी, असं ताई म्हणाल्या. तेही त्यांना अर्धंच कळलं.

दोघांनी मिळून उकिरडा उकरला. वाळलेल्या काड्यांत एक लोळणारं रोप तेवढं हिरवं सापडलं. ते कोणत्या रांगेतलं, म्हणजे कोणत्या बियाचं, हे भाऊंना सांगता येईना. फेकायचं रोप कोण लक्षात ठेवतो?

ताई ते कुंडीत लावू लागल्या. भाऊंनी ओंजळीनं माती लोटली. मग म्हणाले, "ताई, मंग इतके वरीस मी केयीतून जे फेकलं, ते काय व्हतं?"

आता वेगळं निघेल ते यात लावा, असं म्हणत ताईंनी एक रिकामी कुंडी त्यांच्यापुढे सरकवली.